रंगूअण्णांचे शब्द आणि मर्यादेचा रकाना

उंबरपेठ नगरपरिषदेत एखाद्या गोष्टीचं समीकरण नोंदवलं, की त्या दिवसापासून ती गोष्ट त्या समीकरणाप्रमाणे वागते. यात विशेष काही नाही. पण बाहेरगावच्या वाचकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर ते मध्येच शंका काढत बसतात.

मी समीकरण विभागात छत्तीस वर्षं लिपिक होतो. काम सोपं होतं. अर्जदाराने मोजमापं आणायची, त्यांवरून मी समीकरण मांडायचं, नमुना नऊ भरायचा, शिक्का मारायचा. काशिदांनी दारातल्या नारळाची उंची दोन पावसाळ्यांत मोजली आणि सरळ रेषा नोंदवली. तो नारळ अजून दर वर्षी पावणेदोन फूट वाढतो. आता त्यावर कोणी चढत नाही, आणि वारं असलं की काशिदांचे नारळ शेजारच्या वॉर्डात पडतात. काशिदांची त्याबद्दल तक्रार नाही, शेजारच्या वॉर्डाची तर नाहीच नाही.

माणसाचं समीकरण एकदाच नोंदवतात, साठाव्या वर्षी. ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र हवं असेल तर आपल्यातली बदलणारी एक गोष्ट कळवावी लागते. कुणी साखर कळवतं, कुणी डोक्यावरचे केस. शहाणी माणसं नखं कळवतात.

मंदाकिनी शेवाळे पहिल्यांदा आली ती वडिलांचं ओळखपत्र काढायला. वय तेहतीस, स्टँडमागच्या गल्लीत पिको-फॉलचं दुकान, घरात ती आणि वडील दोघंच. वडील म्हणजे रंगराव शेवाळे, सगळे त्यांना रंगूअण्णा म्हणत. त्यांनी तीस वर्षं एसटी स्टँडवर गाड्या पुकारल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांचं बोलणं कमी होत चाललं होतं. तिने तेच कळवलं. दसऱ्याला दिवसभरात सातशेवीस शब्द, त्यानंतर तीस दिवसांनी सहाशेसाठ.

दोन नोंदी आल्या की सरळ रेषा, असा आमचा प्रघात होता. तीस दिवसांत साठ शब्द गेले, म्हणजे दिवसाला दोन. मी लिहिलं: य बरोबर सातशेवीस वजा दोन क्ष. क्ष म्हणजे दसऱ्यापासूनचे दिवस, य म्हणजे त्या दिवशीचे शब्द. शेवटचा रकाना 'क्ष ची मर्यादा' असा असतो. तो मी मोकळा सोडला. एक वाजायला पाच मिनिटं होती आणि माझा डबा निवत होता. खरं कारण तेवढंच आहे, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात ती पुन्हा आली. तीनशेवा दिवस होता.

"साहेब, अण्णांचे शब्द सकाळी दहाला संपतात," ती म्हणाली. "एकशेवीस मिळतात. त्यातले तीस तर दूधवाल्याशी भांडण्यातच जातात. मग दिवसभर नुसते माझ्याकडे बघत बसतात. त्यांना काहीतरी सांगायचं असतं, आणि मला कळतच नाही काय ते."

मी फाईल काढली. समीकरण तंतोतंत चाललं होतं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "तीनशेसाठाव्या दिवशी शून्य होतील."

"आणि तीनशेएकसष्टाव्या दिवशी?"

मी रकाना पाहिला. तो मोकळाच होता. "उणे दोन," मी म्हणालो.

उणे म्हणजे काय हे उंबरपेठेत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तातोबा सायकलवाल्यांनी आपला खोकला नोंदवला होता, दिवसाला नव्वद आणि रोज तीन कमी. तिसाव्या दिवशी खोकला शून्य झाला तेव्हा त्यांनी पेढे वाटले. एकतिसाव्या दिवसापासून ते उलटं खोकू लागले. आवाज आत जायचा, आणि शेजाऱ्यांचे तेवढे खोकले कमी व्हायचे. गल्लीतल्या डॉक्टरांनी लेखी हरकत घेतली. शेवटी तातोबांनी दुरुस्ती समितीसमोर नवीन समीकरण मंजूर करून घेतलं, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. शब्दांच्या बाबतीत ते जास्त अवघड होतं. रोज शब्द कमी होत गेलेली गल्ली कुणालाच परवडणार नव्हती.

"नोंद रद्द करा की मग," मंदाकिनी म्हणाली.

"रद्द करण्याचा नमुना अजून छापून आलेला नाही."

"मग मर्यादा लिहा. तीनशेएकोणसाठ दिवसांपर्यंतच, असं लिहा."

मला तिला थांबवावं लागलं. मर्यादा संपली की समीकरण संपतं, आणि ज्याचं समीकरण तेही संपतं. नामदेव पेंटरने आपल्या कुत्र्याच्या भुंकण्याला तीस एप्रिलची मर्यादा घातली होती. एक मेच्या सकाळी त्याला कुत्रा पुरावा लागला. हे ऐकल्यावर मंदाकिनीने ती फाईलच मिटून टाकली.

"दुरुस्तीचा अर्ज करता येतो," मी म्हणालो. "पण समीकरण अर्जदाराने स्वतः मांडायचं असतं, समितीसमोर, फळ्यावर. कमीत कमी तीन नोंदी लागतात."

"मी दहावीला बीजगणितातच गेले होते, साहेब. पस्तीसला दोन कमी."

"आणि आधीची मोजमापं लागतील. नोंदणीनंतरची चालणार नाहीत. ती आता रेषेवरच येणार."

ती पंधरा दिवसांनी मोजमापं घेऊन आली. ती शेजारच्या बायडाकाकूंकडे मिळाली. बायडाकाकूंना रंगूअण्णांच्या आवाजाविरुद्ध नगरपरिषदेत अर्ज करायचा होता, म्हणून निवृत्तीच्या वर्षापासून दर दसऱ्याला त्या भिंतीला कान लावून त्यांचे शब्द मोजत होत्या. पहिल्या वर्षी बाराशेऐंशी, दुसऱ्या वर्षी नऊशेसाठ, तिसऱ्या वर्षी सातशेवीस. आवाज दर वर्षी कमीच होतोय म्हणून अर्ज दाखल झाला नव्हता.

"न्या बाई, न्या," बायडाकाकूंनी वही देताना तिला सांगितलं होतं. "आता भिंतीला कान लावला तर नुसती घड्याळाची टिकटिक ऐकू येती. जेवण जात न्हाई मला."

मी आकडे पाहिले आणि मला चूक दिसली. वर्षाला पावणेतीनशेच्या आसपास शब्द कमी होत होते, आणि माझ्या रेषेने वर्षाला सातशेतीस घालवले होते.

"ती तीस दिवसांनंतरची नोंद कधी घेतलीत?" मी विचारलं.

तिने आठवून सांगितलं. त्या दिवशी अण्णांची दाढ काढली होती. दुपारपर्यंत तोंडात कापूस होता.

चांगला धडधाकट माणूस मी एका दाढेवरून शून्याकडे धाडला होता. मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी तिला शिकवायचं मी ठरवलं. अडचण एवढीच, की प्रलंबित प्रकरणात लिपिकाने अर्जदाराला मदत करू नये असा नियम आहे, आणि नियम मी कधी मोडलेला नाही. म्हणून मी तिला तिच्या वडिलांबद्दल काहीच शिकवलं नाही. रोज एक ते दोन, जेवणाच्या सुट्टीत, मी तिला दुसऱ्याच गोष्टींबद्दल शिकवत असे. त्याही नोंदवलेल्या नसाव्या लागत, नाहीतर त्यांच्याकडून काही शिकायला मिळत नाही. अशा वस्तू आमच्या गावात शोधाव्याच लागतात.

पहिले आठ दिवस आम्ही उदबत्ती मोजली. पेटवायची, दर पाच मिनिटांनी पट्टी लावायची. वीस सेंटिमीटर, सतरा, चौदा, अकरा.

"दर वेळी तीनच जातात," ती म्हणाली.

"म्हणून सरळ रेषा. आणि सरळ रेषा उतरायला लागली की कुठेतरी शून्याला टेकते."

तिने विझलेल्या उदबत्तीकडे पाहिलं आणि डबा न खाता निघून गेली. शिकवण्याची ही पद्धत चांगली आहे, पण कठोर आहे.

वर्गसमीकरण तिला तिच्याच दुकानातून कळलं. चौकोनी टेबलक्लॉथची बाजू दुप्पट केली तर लेस दुप्पट लागते, पण कापड चौपट लागतं. हे ती पंधरा वर्षं गिऱ्हाइकांना समजावत होती आणि गिऱ्हाइकं तिच्याशी वाद घालत होती. मी एक, दोन, तीन, चार हात बाजूचे टेबलक्लॉथ लिहायला सांगितले. कापड एक, चार, नऊ, सोळा. मधले फरक तीन, पाच, सात. फरकांचे फरक दोन, दोन.

"फरक सारखे नसले तरी त्यांचे फरक सारखे आहेत की!" ती म्हणाली. मग बोटाने टेबलावर काहीतरी लिहू लागली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाराशेऐंशी, नऊशेसाठ, सातशेवीस. फरक तीनशेवीस आणि दोनशेचाळीस. त्यांचा फरक ऐंशी. तिला ते माझ्यासमोरच सापडलं, पण मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती हसत आली. तिने पुढची वर्षं काढली होती. शब्द पाचशेसाठपर्यंत, मग चारशेऐंशीपर्यंत उतरत होते, एक वर्ष तिथेच थांबत होते आणि मग परत वर चढत होते. वर्गसमीकरणाची तऱ्हाच तशी असते, खाली गेलेलं ते वर येतं. आठव्या वर्षी सोळाशेऐंशी.

"अण्णा पुन्हा पहिल्यासारखे बोलायला लागतील, साहेब."

"मला प्रकरणाबद्दल काही सांगू नका," मी म्हणालो. "आज आपण चहा मोजणार आहोत."

चहा शेवटचा होता. मी घरून तापमापक आणला होता. कँटीनचा चहा आला तो अठ्ठ्याहत्तर अंशांवर. पाच मिनिटांनी अडुसष्ट, दहा मिनिटांनी साठ, पंधरा मिनिटांनी साडेत्रेपन्नासच्या जरा वर. तिने फरक काढले, फरकांचे फरक काढले, काहीच सारखं येईना. चार दिवस आम्ही गार चहा प्यायलो. पाचव्या दिवशी ती कपावर हात धरून बसली होती.

"हा किती गार होणार शेवटी?"

"खोलीइतका. अठ्ठावीस."

"मग अठ्ठावीसच्या वर किती उरला, तेच मोजायचं ना?" तिने लिहिलं: पन्नास, चाळीस, बत्तीस. मग जरा थांबून, "वजा नाही करायचं, भागायचं. दर वेळी पाचातला एक वाटा जातो, पाचातले चार वाटे राहतात. आणि परत त्यातले चार. मग हा संपत कधी नाही?"

"फार थोडा उरतो. संपत नाही."

मला त्या वेळी इतका आनंद झाला, की मी दोन भजी जास्त मागवली. मंदाकिनीने मात्र तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि वर्गसमीकरणाची पक्की प्रत काढायला गेली. तिला वर चढणारेच शब्द हवे होते. तिच्या जागी मीही तेच निवडलं असतं.

सुनावणी तीनशेबावन्नाव्या दिवशी लागली. ज्याचं समीकरण, तो इसम हजर लागतो, म्हणून रंगूअण्णा आले. त्या दिवशी त्यांना सोळा शब्द होते. त्यातले बारा रिक्षातच गेले. "अरे बाबा, खड्डा चुकव, माझी पाठ आहे ही, काही पालिकेचा रस्ता नाही," असं ते रिक्षावाल्याला म्हणाले. मंदाकिनीने त्यांच्या तोंडावर हात ठेवेपर्यंत वाक्य पुरं झालं होतं. चार शब्द शिल्लक घेऊन ते समितीसमोर बसले. उंच, सडसडीत गृहस्थ. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा होता.

समितीचे अध्यक्ष मुख्याधिकारी लाटकर होते. मंदाकिनीने खडू घेतला आणि न चुकता लिहिलं: य बरोबर चाळीस क्ष वर्ग, वजा दोनशे क्ष, अधिक सातशेवीस. क्ष आता वर्षांत होता. तिने तिन्ही नोंदी घालून दाखवल्या. तिन्ही जुळल्या.

"उत्तम," लाटकर म्हणाले. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला आणि पुढे काढत गेले. "चाळीसाव्या वर्षी रोज छप्पन्न हजार सातशेवीस शब्द. म्हणजे सहा-सात तास. हरकत नाही, बोलू देत. ऐंशीव्या वर्षी दोन लाख चाळीस हजार." ते थांबले. "एवढे दिवसात मावणार नाहीत, बाई. हे समीकरण मोकळं सोडता येत नाही. मर्यादेचा रकाना भरावा लागेल."

"काय भरू?"

"कुठपर्यंत चालवायचं ते. तारीख लिहा. दहा वर्षं, वीस वर्षं, तुमच्या सोयीने."

मंदाकिनीने नमुना पुढे ओढला, पेन उघडलं आणि रकान्यावर धरलं. मग तिने वडिलांकडे पाहिलं. नामदेव पेंटरच्या कुत्र्याची गोष्ट तिला मीच सांगितली होती, त्यामुळे तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. वीस लिहिले तर ते ऐंशी वर्षांचे होणार होते. तीस लिहिले तर नव्वद. कुठलाही आकडा कमीच होता, आणि कुठलाही आकडा तिच्याच अक्षरातला असणार होता.

"तुमचं काही म्हणणं?" लाटकरांनी रंगूअण्णांना रीतीप्रमाणे विचारलं.

रंगूअण्णा उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला, तो मोजत नाहीत.

"मर्यादा नको," ते म्हणाले. "घाई नाही."

आणि त्यांचे त्या दिवसाचे शब्द संपले.

मंदाकिनीने पेन बंद केलं. ती फळ्याकडे गेली, आपलं पक्कं, सुंदर अक्षरातलं वर्गसमीकरण डस्टरने पुसलं, पर्समधून चहाचा कागद काढला आणि त्यात पाहून नवीन लिहू लागली. नऊशेसाठ भागिले बाराशेऐंशी, पाऊण. सातशेवीस भागिले नऊशेसाठ, पाऊण. य बरोबर सातशेवीस गुणिले पाऊणचा क्ष वा घात. दर वर्षी पाऊणपट उरणार.

"हे उतरतंच आहे," लाटकर म्हणाले. "वर येणार नाही. नीट विचार केलाय ना?"

"शून्य होत नाही, साहेब. उणेही होत नाही आणि दिवसाबाहेरही जात नाही. मग रकाना मोकळा ठेवता येतो ना?"

लाटकरांनी नियमावली पाहिली. ठेवता येत होता. फक्त रकाना मोकळा असेपर्यंत दर वर्षी स्मरणपत्र पाठवावं, असं पोटकलम होतं. समितीने समीकरण दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी मंजूर केलं. शिक्का मीच मारला.

नवीन समीकरणाप्रमाणे त्या दिवसाचे पाचशेपंचेचाळीस शब्द होते. सोळा वजा जाता पाचशेएकोणतीस राहिले. रंगूअण्णांनी ते नगरपरिषदेच्या पायरीवरच सुरू केले. चैत्रापासून आमटीत मीठ कमी पडतंय, खुंटीवरची छत्री कुणी तरी बदलून नेली आहे, दूधवाला पाणी घालतो तो सकाळचा नाही, संध्याकाळचा. मंदाकिनी शेजारून चालत होती आणि सगळ्याला "हो अण्णा, हो अण्णा" म्हणत डोळे पुसत होती. मी खिडकीतून पाहत होतो. त्या दिवशी मी डबा दोन वाजेपर्यंत उघडला नाही.

याला आता चाळीस वर्षं झाली. तेविसाव्या वर्षी रंगूअण्णांचे शब्द दिवसाला एकाच्या खाली गेले, तेव्हा थोडा प्रशासकीय पेच आला होता. अपूर्ण शब्द पुढच्या दिवसात मिळवावा, असं परिपत्रक काढून तो सोडवण्यात आला. तिसाव्या वर्षी आठवड्यातून एक शब्द मिळायचा. आता साधारण साडेचार महिन्यांनी एक येतो. रंगूअण्णा शंभर वर्षांचे आहेत. उठत नाहीत, फारसं खात नाहीत. डॉक्टर येतात, नाडी पाहतात आणि मग भिंतीवर लावलेली मंजुरीची प्रत पाहतात. शून्याच्या वर काहीतरी शिल्लक आहे, तोवर त्यांना मृत्यूचा दाखला लिहून देता येत नाही.

मंदाकिनी त्र्याहत्तर वर्षांची झाली. दुकान बंद केलं. ती वडिलांना दोन वेळा पुसून काढते, कुशीवर वळवते, चमच्याने पेज भरवते. तिचे गुडघे गेले आहेत. स्मरणपत्र दर वर्षी येतं: क्ष ची मर्यादा कळवावी. पूर्वी ते मी पाठवत असे, आता माझ्या जागेवर आलेली मुलगी पाठवते. गेली काही वर्षं मंदाकिनी ते पत्र लगेच परत करत नाही. ते चार-चार दिवस टेबलावर पडून असतं. मी ते पाहिलं आहे, आणि मी त्याबद्दल बोललेलो नाही.

गेल्या वर्षी माघात रंगूअण्णा म्हणाले, "तू."

ज्येष्ठात म्हणाले, "दमलीस."

मंदाकिनी हिशेब करून तयार होती. आश्विनात, एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला पुढचा शब्द होता. बायडाकाकूंच्या नाती आल्या होत्या, मीही गेलो होतो. मंदाकिनी वडिलांचा हात हातात घेऊन बसली होती. चारला पाच मिनिटं असताना त्यांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं.

"आणि," ते म्हणाले.

नाती घरी गेल्या. मंदाकिनीने मला चहा दिला आणि यंदाचं स्मरणपत्र पुढे केलं. मर्यादेचा रकाना मोकळा होता. खाली शेऱ्याच्या जागी तिने तिच्या त्याच सुंदर अक्षरात लिहिलं होतं, की संबंधित इसमाचं वाक्य चालू असून ते पूर्ण झाल्याशिवाय मर्यादा कळवता येत नाही.

"चालेल ना हे, साहेब?" तिने विचारलं.

मी नमुना नीट वाचला. पुढचा शब्द फाल्गुनात होता, त्याच्या पुढचा श्रावणाच्या आत नव्हता, आणि दर वर्षी अंतर वाढत जाणार होतं. मी चालेल म्हणालो. मग दुसऱ्या दिवशी मीच ते कार्यालयात नेऊन दिलं आणि त्यांनी पोच दिली.